सव्वीस फुटांचा राहिलेला कागद

टेलिग्राफ अव्हेन्यूवरून बर्कलीच्या विद्यापीठाकडे चालत गेले, की बॅन्क्रॉफ्ट वे ओलांडल्यावर सव्वीस फूट रुंदीची विटांची एक पट्टी लागते. १९६४ च्या सप्टेंबरपर्यंत विद्यार्थी इथे घडीची टेबले मांडून बसत, पत्रके वाटत, वर्गणी गोळा करत. विद्यापीठाच्या आवारात राजकारणाला बंदी होती, आणि ही जागा म्हणजे शहराचा पदपथ असे सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात ती विद्यापीठाच्या मालकीची होती. १९५९ मध्ये ती शहराला देऊन टाकण्याचा ठराव विद्यापीठाच्या नियामक मंडळाने केला होता, तोही अध्यक्ष क्लार्क कर यांच्याच शिफारशीवरून. पण हस्तांतराचा कागद झालाच नाही. पाच वर्षांनी याच विटांवरून जे भांडण पेटले, त्याने अमेरिकेतल्या सगळ्यांत नावाजलेल्या सार्वजनिक विद्यापीठाच्या अध्यक्षाची खुर्ची डळमळली आणि सव्वादोन वर्षांत ती गेली. विद्यार्थ्यांनी कर यांना ज्ञानाच्या कारखान्याचा थंड व्यवस्थापक ठरवले, तर रोनाल्ड रेगन यांच्या मतदारांनी पोरांपुढे नमणारा दुबळा माणूस ठरवले. मला या दोन्ही व्याख्या अपुऱ्या वाटतात. कर हे मुळात करारमदार करणारे माणूस होते. जे त्यांनी बाजू ओळखून, अटी लिहून, सह्या घेऊन कागदावर आणले ते दशकानुदशके टिकले. जे समजुतीवर सोडले तिथे ते घसरले, आणि या दुसऱ्या यादीत त्यांची स्वतःची नोकरीही होती.

आधी पदांचा घोळ सोडवायला हवा, कारण आपल्याकडे तीच नावे वेगळ्या अर्थाने वापरतात. महाराष्ट्रात राज्यपाल कुलपती असतात आणि कारभार कुलगुरू पाहतात. कॅलिफोर्निया विद्यापीठात ‘चॅन्सलर’ हा एकेका संकुलाचा प्रमुख, म्हणजे साधारण आपला कुलगुरू. बर्कली, लॉस एंजेलिस अशा सगळ्या संकुलांवर मिळून एक अध्यक्ष, आणि त्याच्यावर रीजंट्स नावाचे नियामक मंडळ. राज्याच्या घटनेनेच या मंडळाला स्वायत्तता दिलेली. रीजंटची मुदत त्या काळी सोळा वर्षांची, जेणेकरून एका गव्हर्नराला आपल्या माणसांनी मंडळ भरता येऊ नये. गव्हर्नर स्वतः मात्र पदसिद्ध सदस्य. रीजंटला सोळा वर्षे, आणि अध्यक्षाला? त्याला मुदतच नाही. मंडळाची मर्जी असेपर्यंत तो अध्यक्ष. रॉबर्ट गॉर्डन स्प्राउल यांनी १९३० ते १९५८ अशी अठ्ठावीस वर्षे त्या मर्जीवर काढली होती, त्यामुळे या पोकळीकडे कोणाचे फारसे लक्ष नव्हते.

कर यांचा जन्म १९११ चा, पेनसिल्व्हेनियातला, सफरचंदाच्या मळ्यावरच्या घरातला. स्वार्थमोर कॉलेजात शिकताना ते क्वेकर पंथाकडे वळले, आणि सहमती होईपर्यंत बोलत राहायचे ही त्या पंथाची सवय जन्मभर त्यांच्या अंगी राहिली. खरे शिक्षण मात्र कापसाच्या शेतात झाले असे म्हणायला हरकत नाही. १९३३ च्या शरदात कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात कापूस वेचणाऱ्यांचा संप झाला. मजूर बहुतांश मेक्सिकन. शंभर पौंड वेचणीला मळेवाले साठ सेंट देत होते, मजूर एक डॉलर मागत होते. विदर्भ-खानदेशातल्या वाचकाला वेचणीच्या दराचे भांडण काय असते हे सांगायला नको. तिथे गोळीबार झाला, माणसे मेली. अर्थशास्त्रज्ञ पॉल टेलर यांच्यासाठी बावीस वर्षांचे कर त्या खोऱ्यात टिपणे घेत हिंडत होते. शेवटी चौकशी समितीने पंचाहत्तर सेंटचा तोडगा सुचवला आणि संप मिटला. पंचाहत्तर सेंटमध्ये न्याय किती होता यावर वाद घालता येईल, पण दुसऱ्या दिवशी वेचणी सुरू झाली आणि मजुरी साठच्या वर गेली. पुढे १९३९ मध्ये बर्कलीतून डॉक्टरेट, महायुद्धात युद्धकालीन कामगार मंडळावर काम, मग पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या तंट्यांत लवाद. १९४५ मध्ये बर्कलीत औद्योगिक संबंधांच्या संस्थेचे संचालक म्हणून ते आले, तेव्हा टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या माणसांचे ऐकून घेणे हाच त्यांचा धंदा झालेला होता.

पहिली मोठी कसोटी आली तीही एका कागदाने. १९४९ मध्ये रीजंट्सनी प्राध्यापकांकडून कम्युनिस्ट नसल्याची शपथ लिहून मागितली. कर यांनी सही केली. पण ज्यांनी केली नाही त्यांच्यासाठी ते प्राध्यापकांच्या समितीत बसून मंडळाशी भांडले. ऑगस्ट १९५० मध्ये मंडळाने बारा विरुद्ध दहा अशा मतांनी ३१ जणांना काढले. त्यांत मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन होते. १९५२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले, आणि त्याच वर्षी बर्कलीच्या चॅन्सलरचे नवे पद निर्माण झाले तेव्हा प्राध्यापकांच्या विश्वासामुळे ते कर यांच्याकडे आले. सही करून न करणाऱ्यांची बाजू घेणे हा दुटप्पीपणा नव्हे का, असे विचारणारे तेव्हाही होते. मला त्यात दुटप्पीपणापेक्षा लवादाची शिस्त दिसते: स्वतः टेबलावर राहायचे, म्हणजे दुसऱ्याच्या हक्कासाठी बोलता येते. ही शिस्त नायकाची नव्हे, हे मान्य. टोलमन यांनी जे पणाला लावले ते कर यांनी लावले नाही. पुढे बर्कलीतल्या एका इमारतीला टोलमन यांचे नाव मिळाले, ते कर अध्यक्ष असताना.

१९५८ मध्ये ते अध्यक्ष झाले तेव्हा युद्धानंतर जन्मलेली पोरे कॉलेजच्या उंबरठ्यावर येत होती आणि राज्यात उच्च शिक्षणाची अक्षरशः बजबजपुरी होती. प्रत्येक आमदाराला आपल्या मतदारसंघात कॉलेज हवे होते. राज्य महाविद्यालयांना संशोधन आणि डॉक्टरेटचा अधिकार हवा होता, विद्यापीठाला तो एकट्याकडे ठेवायचा होता, आणि ज्युनिअर कॉलेजे (आपल्याकडची अकरावी-बारावीची नव्हेत, बारावीनंतरची दोन वर्षांची) आपल्याला कोणी विचारत नाही म्हणून रुसलेली होती. कर यांनी आमदारांकडून थोडा अवधी मागून घेतला आणि सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवले. समितीचे अध्यक्षपद आर्थर कून्स या खासगी कॉलेजच्या अध्यक्षाकडे गेले, म्हणजे कोणाला पक्षपाताची तक्रार नको. विद्यापीठाच्या वतीने डीन मॅकहेन्री होते, कर यांचे स्टॅनफर्डच्या दिवसांतले खोलीसोबती. राज्य महाविद्यालयांच्या वतीने ग्लेन डम्की. चर्चा अनेकदा तुटायला आली. डॉक्टरेटवरच गाडे अडले होते. अखेर निघालेली वाट अगदी कामगार करारासारखी आहे: डॉक्टरेट विद्यापीठाचीच, पण राज्य महाविद्यालयांना विद्यापीठाबरोबर ‘संयुक्त डॉक्टरेट’ देता येईल, आणि त्यांना स्वतःचे स्वतंत्र विश्वस्त मंडळ मिळेल. प्रवेशाचेही वाटप ठरले. शाळा उत्तीर्ण होणाऱ्यांतले वरचे साडेबारा टक्के विद्यापीठाला पात्र, वरचे एक-तृतीयांश राज्य महाविद्यालयांना, आणि ज्युनिअर कॉलेजचे दार सगळ्यांना उघडे, तिथून चांगले गुण मिळवले की वर जाता येईल. एप्रिल १९६० मध्ये गव्हर्नर पॅट ब्राउन यांनी सही केली आणि त्यातल्या मुख्य कलमांचा कायदा झाला. डोरोथी डोनाहो या ज्या आमदारबाईंचे नाव कायद्याला मिळाले, त्या सहीच्या काही आठवडे आधीच वारल्या होत्या. त्याच ऑक्टोबरात ‘टाइम’ने कर यांना मुखपृष्ठावर घेतले: बिनफ्रेमचा चष्मा, टक्कल, शांत चेहरा. हिरव्या शाईत मुंगीएवढ्या अक्षरात शेरे लिहिणारा हा माणूस जगभरच्या शिक्षणमंत्र्यांना ठाऊक झाला. सॅन डिएगो, अर्व्हाइन आणि सांता क्रूझ ही तीन नवी संकुले त्याच्याच काळात उभी राहिली.

या करारातून निघालेल्या योजनेवरचा सर्वांत जोरकस आक्षेप असा, की ही उतरंड आहे. वरच्या आठव्या हिश्श्याला संशोधकांचे विद्यापीठ, आणि बाकीच्यांना गुणवत्तेच्या नावाखाली कमी खर्चाची कॉलेजे. वरचा हिस्सा बऱ्यापैकी गोऱ्या, खात्यापित्या घरांतून येणार हेही उघड होते. योजनेआधी विद्यापीठ साधारण पंधरा टक्क्यांना आणि राज्य महाविद्यालये निम्म्या मुलांना घेत, म्हणजे दारे अरुंदच झाली. हा आक्षेप खरा आहे, आणि कर यांच्या भक्तांनी तो झटकून टाकू नये. पण त्याच वेळी दुसरे जे घडणे शक्य होते तेही पाहावे लागते. करार झाला नसता तर आमदारांनी आपापल्या गावी अर्धवट विद्यापीठे काढली असती, पैसा पातळ झाला असता, आणि ज्याला कोणीच विचारत नव्हते त्या शेवटच्या मुलाला हक्काचे दार मिळालेच नसते. उतरंडीत खालून वर जायला जिना ठेवणे आणि तो कायद्यात लिहिणे ही १९६० मधली लहान गोष्ट नव्हती. पंचाहत्तर सेंटच म्हणा. आणि तो दर टिकला: राज्य महाविद्यालयांना स्वतंत्रपणे डॉक्टरेट देण्याची परवानगी कायद्याने मिळाली ती २००५ मध्ये, तीही आधी शिक्षणशास्त्रापुरती.

एक गोष्ट मात्र त्या कायद्याच्या चौकटीत पक्की झाली नाही. राज्यातल्या रहिवाशांना शिक्षण शुल्क नाही, हे तत्त्व योजनेने पुन्हा उच्चारले, पण ते धोरण म्हणून मंडळांच्या हाती राहिले. मराठी कानाला या अध्यक्षाचे आडनाव ‘कर’ असेच ऐकू येते, आणि त्याचे सगळे बांधकाम उभे होते तेही करावरच. करदात्याचे मन कायम असेच मोठे राहील हे गृहीत होते, आणि त्या गृहीतावर कोणाचीच सही नव्हती.

आता पुन्हा त्या विटांकडे. १४ सप्टेंबर १९६४ रोजी अधिष्ठाता कॅथरिन टाउल यांचे पत्र निघाले: टेबले बंद. कर नुकतेच परदेश दौऱ्यावरून परतत होते. हुकूम चूक आहे हे त्यांना दिसले, बर्कलीचे चॅन्सलर एडवर्ड स्ट्राँग यांना त्यांनी तसे सांगितलेही. पण तो फिरवला नाही. का? स्प्राउल यांच्या काळात साध्या साध्या गोष्टी अध्यक्षांच्या टेबलावर जात. चॅन्सलर असताना कर स्वतः त्याखाली पिचले होते, म्हणून अध्यक्ष झाल्यावर त्यांनी संकुलांना अधिकार वाटून दिले. आता त्याच चॅन्सलरला डावलायचे कसे? आयुष्याच्या शेवटी लिहिलेल्या आठवणींत त्यांनी ही आपली घोडचूक म्हणून कबूल केली. माझ्या मते चूक आणखी खोलवर होती. अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यांनी अध्यक्ष आणि चॅन्सलर या दोघांतला मानला. टेबलामागे बसलेली मुले या प्रश्नात एक बाजू आहेत, हे गोदीच्या संपात ज्या माणसाला क्षणात दिसले असते, त्याला इथे दिसले नाही. नागरी हक्कांच्या चळवळीसाठी तो उन्हाळा मिसिसिपीत काढून आलेल्या मारिओ सॅव्हिओसारख्या मुलांना पत्रक वाटण्याचा हक्क आपल्याच विद्यापीठात नाकारला जाणे काय वाटले असेल, हे ओळखायला लवादाचीच नजर हवी होती.

१ ऑक्टोबरला जॅक वाइनबर्ग या माजी विद्यार्थ्याला पोलिसांनी टेबलावरून उचलून गाडीत बसवले, आणि मुलांनी ती गाडीच बसून अडवली. बत्तीस तास. गाडीच्या टपावर चढून भाषणे झाली. टपाला चरे पडू नयेत म्हणून सॅव्हिओ बूट काढून वर चढला होता, हे त्या आंदोलनाच्या स्वभावाबद्दल बरेच काही सांगते. बाहेर शेकडो पोलीस सज्ज होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कर यांनी मुलांच्या प्रतिनिधींना बसवून सहा कलमांचा करार केला, सह्या झाल्या, आणि सॅव्हिओने तो गाडीवरून वाचून दाखवल्यावर गर्दी उठली. रक्त सांडले नाही. इथे माझ्या मांडणीवर सरळ आक्षेप येतो: हा तर कागदावरचा करार होता, मग दोन महिन्यांत तो फुटला कसा? उत्तर त्या कागदातच आहे. टेबलांच्या वादात निलंबित झालेल्या आठ विद्यार्थ्यांचे प्रकरण प्राध्यापक सभेच्या विद्यार्थी शिस्त समितीकडे जाईल, असे त्यात लिहिले होते. अशी समितीच अस्तित्वात नव्हती. प्रशासनाने प्रकरण चॅन्सलरने नेमलेल्या दुसऱ्याच समितीकडे धाडले, आणि मुलांना ती फसवणूक वाटली. शेकडो करार तपासलेल्या माणसाच्या हातून घाईत एक रिकामे नाव सुटले. आणि सहावे कलम? टेलिग्राफ अव्हेन्यूच्या टोकाची ती जागा शहराला किंवा विद्यार्थी संघटनेला देण्यास अध्यक्षांचा पाठिंबा राहील. म्हणजे १९५९ चा राहिलेला कागद, पोलिसांच्या वेढ्यात पुन्हा लिहिलेला.

नोव्हेंबरच्या अखेरीस सॅव्हिओ आणि इतरांवर ऑक्टोबरच्याच घटनांबद्दल नव्याने आरोप ठेवले गेले आणि सगळे उधळले. २ डिसेंबरला मुले स्प्राउल हॉल या प्रशासकीय इमारतीत जाऊन बसली, दुसऱ्या दिवशी पहाटे गव्हर्नर ब्राउन यांच्या हुकमाने पोलीस आत शिरले आणि सुमारे आठशे जणांना अटक झाली. ७ डिसेंबरला ग्रीक थिएटरमध्ये हजारोंच्या सभेत कर यांनी विभागप्रमुखांनी तयार केलेला समेटाचा मसुदा वाचला. मसुदा वाईट नव्हता. सभा संपताना सॅव्हिओ ध्वनिक्षेपकाकडे चालत गेला आणि पोलिसांनी त्याला सगळ्यांदेखत फरफटत मागे नेले. त्या क्षणी मसुद्यातल्या शब्दांना काही किंमत उरली नाही. ज्या समेटात दुसरी बाजू बोलू शकत नाही तो समेट नव्हे, हे हजारो लोकांना डोळ्यांनी दिसले. दुसऱ्या दिवशी प्राध्यापक सभेने ८२४ विरुद्ध ११५ मतांनी मुलांची मुख्य मागणी मान्य केली.

मग विद्यार्थी म्हणत होते तेच खरे का? विद्यार्थ्यांची बाजू घेणाऱ्या हॅल ड्रेपर यांनी ऑक्टोबर १९६४ मध्येच पुस्तिका काढून कर यांच्या विचारांची चिरफाड केली होती, आणि तिचे हत्यार होते कर यांचीच १९६३ ची हार्वर्डमधली व्याख्याने. आधुनिक विद्यापीठ एकसंध राहिलेले नाही, ते ‘मल्टिव्हर्सिटी’ झाले आहे, उद्योग, सरकार, संशोधक, पदवीचे विद्यार्थी असे अनेक समाज त्यात एकत्र नांदतात आणि अध्यक्ष हा मुख्यतः त्यांच्यातला मध्यस्थ असतो, असे कर यांनी त्यांत मांडले. प्राध्यापकांना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे गाडी लावायला जागा नसल्याची तक्रार, असा चिमटाही काढला. ड्रेपर यांनी हे वर्णन म्हणजेच समर्थन मानले. मला हे पूर्ण पटत नाही, कारण पदवीच्या वर्गाची हेळसांड होते आहे आणि त्यातून विद्यार्थ्यांचे बंड उद्भवू शकते याची चाहूल त्याच व्याख्यानांत आहे. कम्युनिस्ट वक्त्यांवरची जुनी बंदीही कर यांनीच १९६३ मध्ये मंडळाकडून उठवून घेतली होती. पण ड्रेपर यांचा घाव एका ठिकाणी वर्मी बसतो. रोग लिहून ठेवणाऱ्या वैद्याने इलाज का केला नाही? मध्यस्थाने ज्या बाजूंची यादी केली, त्यात विद्यार्थी हे सोसणारे म्हणून होते, सही करणारे म्हणून नव्हते.

दुसरी टोकाची मांडणी रेगन यांची. १९६६ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत ‘बर्कलीतली घाण साफ करू’ हा त्यांचा हुकमी मुद्दा होता, आणि ब्राउन यांना त्यांनी जवळपास दहा लाख मतांनी हरवले. त्याच वर्षी अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनच्या पाहणीत बर्कली सर्व विषयांत समतोल उत्कृष्टतेच्या बाबतीत देशात अग्रणी ठरली होती, हा योगायोग क्रूर आहे. २० जानेवारी १९६७ रोजी, नवे गव्हर्नर येऊन तीन आठवडेही झाले नव्हते, रीजंट्सनी चौदा विरुद्ध आठ मतांनी कर यांना काढले. राजीनामा देता का, असे आधी विचारले होते. त्यांनी नकार दिला. आलो तसाच चाललो, ‘फायर्ड विथ एन्थुझिॲझम’, असे ते नंतर म्हणत. इंग्रजीत ‘फायर्ड’ म्हणजे पेटलेलाही आणि हाकललेलाही. मग सगळे खापर रेगन यांच्यावर फोडावे, असे म्हणता येईल. त्यात एफबीआयचीही भर घालता येईल: पत्रकार सेथ रोझेनफेल्ड यांनी वर्षानुवर्षे कोर्टात झगडून मिळवलेल्या कागदपत्रांतून २००२ मध्ये उघड झाले, की राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या मंत्रिमंडळात कर यांची वर्णी लागू नये म्हणून एफबीआयने त्यांच्याविरुद्ध मजकूर पुरवला होता आणि रीजंट एडविन पॉली यांनाही गुपचूप माहिती दिली होती. हे सगळे खरे. तरीही त्या चौदांतली बहुतेक मते रेगन यांनी नेमलेल्या माणसांची नव्हती. मंडळ आपल्या माणसांनी भरायला त्यांना वेळच मिळाला नव्हता. सोळा वर्षांच्या मुदतीने रीजंट गव्हर्नरापासून सुरक्षित होते, अध्यक्ष रीजंटांपासून नव्हता. शपथेच्या वादात प्राध्यापकांची नोकरी मर्जीवर असू नये म्हणून कर भांडले होते. स्वतःच्या पदासाठी त्यांनी तसा शब्द कधी मागितला नाही.

पुढची बारा वर्षे त्यांनी कार्नेगी आयोग आणि नंतरच्या कार्नेगी कौन्सिलचे नेतृत्व करून देशाच्या उच्च शिक्षणावर अहवालांमागून अहवाल काढले. १ डिसेंबर २००३ रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, एल सेरिटोच्या घरी ते वारले. स्प्राउल हॉलच्या पायऱ्यांना तोवर सॅव्हिओचे नाव लागले होते. रेगन यांनी आल्या आल्या मागितलेले शिक्षण शुल्क रीजंट्सनी १९७० मध्ये मान्य केले, पण नाव दिले ‘शैक्षणिक फी’, कारण ‘शिक्षण शुल्क’ म्हणायची लाज अजून शिल्लक होती. फी वाढत गेली, हजारांच्या घरात गेली, नाव तेच राहिले. नोव्हेंबर २०१० मध्ये आणखी आठ टक्के वाढ मंजूर करताना मंडळाने तो आडपडदाही काढला आणि ‘शिक्षण शुल्क’ हाच शब्द अधिकृत कागदपत्रांत घातला.